मागून येणाऱ्याला विचारावं

दुपारी स्वयंपाकघरात मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा पियाल्यातला चहा थरथरला. आधी वाटलं, खालून एखादी अवजड गाडी गेली असेल. मग कपाटातल्या ताटल्या एकमेकींना लागून वाजल्या, वरचं झुंबर एकदा खिडकीकडे गेलं, एकदा माझ्याकडे आलं आणि थांबलं. एवढंच. ताश्कंदमध्ये एवढ्याशा धक्क्याला कोणी पायात चपलासुद्धा घालत नाही. समोरच्या गॅलरीतली म्हातारी गालिचा झटकत होती ती झटकतच राहिली. खाली पोरं ओरडली, पण ती चेंडू पाण्याच्या पाटात पडला म्हणून. माझा हात मात्र तांदळात तसाच राहिला. त्या क्षणी मला नवरा आठवला नाही, लेक नफीसा आणि तिचं पाळण्यातलं पोर आठवलं नाही, मी बसले होते तो चौथा मजलाही आठवला नाही. आठवली ती गेल्या उन्हाळ्यात मी बांधून दिलेल्या हुल्कारच्या घराची उत्तरेकडची भिंत. आईच्या मनात आधी लेक यायला हवी, भिंत नव्हे, एवढं मलाही कळतं. पण मन काही आपल्याला विचारून धावत नाही.

हुल्कारला फोन लावला, लागला नाही. धक्का बसला की सगळं शहर एकदम फोन उचलतं आणि मग कोणाचाच कोणाला लागत नाही. नफीसाचाही लागेना. घरात बसून बटणं दाबत राहण्यापेक्षा जाऊन डोळ्यांनी बघावं म्हणून मी तांदळावर फडकं टाकलं, डोक्याला रुमाल बांधला आणि खाली येऊन शहराबाहेर जाणाऱ्या गाडीत बसले. गाडीत आधीच भांडण रंगलं होतं. ड्रायव्हरच्या मते धक्का मोठा होता, मागच्या गृहस्थांच्या मते त्यांची बायको याहून जोरात दार आपटते. सगळे हसले. मीही हसले असेन. पण खिडकीतून एकेक नवं घर मागे जात होतं आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यांकडे माझी नजर जात होती, आणि हुल्कारच्या घरात उत्तरेच्या भिंतीला लागून तिच्या पोराची खाट आहे हे डोक्यातून जात नव्हतं. ती दवाखान्यात नर्स आहे, दुपारी पोर आजीजवळ झोपतं. आजीला ऐकू कमी येतं.

माझं काम घरं बांधायचं. म्हणजे मी स्वतः एक वीटही रचत नाही. लोक मला जमीन दाखवतात आणि मी माणसं आणते: पाया खणणारा, गवंडी, छपरवाला, नळवाला, गिलावा करणारा, रंगारी. घर उभं राहतं ते त्यांच्या हातांनी, आणि पडलं तर माझ्या नावाने. म्हणून माझं सगळं कसब एकाच गोष्टीत आहे, कुठलं काम कोणाच्या हाती द्यायचं. हे काम मला सासऱ्यांनी दिलं. खरं तर द्यायचं होतं मुलाला, पण माझ्या नवऱ्याला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येते. तो घड्याळं दुरुस्त करतो, बसून. सासऱ्यांचं नाव सुयुन. जन्मभर मुकादमी केली आणि म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसा मला हाताशी धरून कामावर न्यायला लागले. मी तेव्हा नवी सून, तोंड उघडायचीही चोरी. भिंतीसमोर उभं करून विचारायचे, काय दिसतं? मी सांगायचे, भिंत दिसते. मग म्हणायचे, भिंत गाढवालाही दिसते, माणूस दिसतो का बघ.

माणूस कसा बघायचा ते त्यांनी हळूहळू सांगितलं, एका दमात कधीच नाही. गवंड्याबद्दल दुसऱ्या गवंड्याला विचारू नकोस, म्हणायचे, तो एक तर मित्र असेल नाहीतर वैरी. घरमालकालाही विचारू नकोस, त्याला नवेपणाचा आनंद असतो. मागून येणाऱ्याला विचार. गवंड्याने कोपरा चुकवला की तो निस्तरतो गिलावेवाला. गिलावेवाल्याने लबाडी केली की ती रंगाऱ्याच्या डोक्याला ताप. आणि रंगाऱ्याची लायकी जिला रोज भिंती पुसाव्या लागतात त्या बाईला विचार. प्रत्येकाचं खरं रूप त्याच्या मागून येणाऱ्याला माहीत असतं, तोंडावर तर सगळेच उस्ता, आपापल्या कामाचे उस्ताद. मी तेव्हा मान डोलावली होती. हे घरांपुरतंच असेल असं वाटलं होतं मला. आता सासरे नाहीत, आणि प्रत्येक घराच्या वेळी वाटतं की ते अजून माझ्या खांद्यावर हात ठेवून चालताहेत. त्यांचं ऋण फेडता येणारं नाही, आणि फेडायची घाईही मला नाही.

माझा मागून येणारा म्हणजे एर्गश उस्ता. माझ्या जवळजवळ प्रत्येक घराचा गिलावा त्याचा. गरीब बिचारा साधा कारागीर असं काही डोळ्यांपुढे आणू नये. एर्गश हा माणूस म्हणून एक उपद्व्याप आहे. पुढचे दात सोन्याचे, केसांना तेल, अत्तराचा वास सिमेंटच्या वासावर मात करणारा. येतो तो तक्रार घेऊनच. माझा चहा पांचट, माझी वाळू जाडी, माझी माणसं आळशी, माझं नशीब म्हणून तो अजून टिकून आहे. त्याच्याशी दिवसभर बोलणं म्हणजे कानाला शिक्षा. पण भिंतीसमोर उभा राहिला की गप्प होतो, आणि तेवढा वेळ मी त्याच्या तोंडाकडे बघत असते. हत्यारांची पिशवी त्याने खाली ठेवून उघडली तर भिंत चांगली. त्याच्या तोंडून कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. पिशवी उघडली, एवढंच.

नफीसाचं लग्न ठरायच्या वेळी मुलाकडच्यांची चौकशी सगळ्यांनी केली तशी आम्हीही केली. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, सज्जन. दुकानदार म्हणाला, सज्जन. सगळेच सज्जन निघाले तेव्हा मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं, आणि कळलं की एर्गशने त्या घरात कधीकाळी गिलावा केलेला आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, मुलाचा बाप, म्हातारा मीरवली, हट्टी आहे, आख्खा दिवस डोक्यावर उभा राहतो, पण चहा स्वतः आणून देतो, पोराच्या हाती पाठवत नाही, आणि घरातल्या बायका त्याच्यासमोर मोठ्याने हसतात. तेवढं मला पुरलं. मीरवली अका, वडीलधाऱ्याला आमच्याकडे अका म्हणतात, रेल्वेत होते, निवृत्त झालेले, ताठ पाठीचे. साखरपुड्याला आमच्याकडे रीत असते, दोन्हीकडचे नान एकावर एक ठेवायचे आणि दोन्ही घरांतल्या मोठ्यांनी ते मिळून मोडायचे. एकदा नान मोडला की शब्द मोडत नाही. मीरवली अकांनी आणि मी तो नान मोडला तेव्हा मोठा अर्धा त्यांनी माझ्या हातात ठेवला. मला तो माणूस त्याच दिवशी आवडला.

गेल्या उन्हाळ्यात हेच व्याही माझ्या दारात आले. हातात फडक्यात बांधलेले दोन नान. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा अक्रम गवंडीकाम शिकून बाहेरून परत आला होता, बायको, दोन लेकरं, हाताला काम नाही. हुल्कारच्या घराच्या भिंती त्याला द्याव्या एवढंच त्यांचं मागणं होतं. मी म्हटलं, बघते, विचारते. आणि तेवढ्यात त्या भल्या माणसाने नान काढले, एकावर एक ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. साखरपुड्यासारखेच. आता काय करायचं? त्या नानावर हात ठेवायला नकार द्यायचा म्हणजे तो पहिला नानही संशयात टाकायचा. अक्रमच्या मागून कोण आलंय, त्याच्या भिंतींवर गिलावा कोणी केलाय, हे विचारायला सवडच राहिली नाही. मी हात ठेवला आणि आम्ही नान मोडला. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण नानासमोर भीड पडत नाही असा माणूस आमच्या मुलखात तरी मला भेटलेला नाही.

अक्रमचा हात चपळ. भिंती बघता बघता वर आल्या आणि दिसायला देखण्या. मी त्या दिवसांत जास्त वेळ नफीसाकडे होते, बाळाच्या पाळण्याचा सोहळा होता, मीरवली अकांच्याच अंगणात तख्तावर बसून जर्दाळू खात होते. परत येऊन बघते तर उत्तरेची भिंत छतापर्यंत. जवळ गेले आणि विटांच्या सांध्यातला वाळू-सिमेंटचा मसाला नखाने खरवडला. पीठ. त्या उन्हात विटा भिजवून घ्यायच्या असतात, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मसाला मेल्यासारखा होतो. पाटाला पाणी नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, लांबून आणायचं जिवावर आलं होतं, अक्रमने कोरड्याच रचल्या. बाकीच्या तीन भिंती त्याने आधी, पाणी होतं तेव्हा उभ्या केल्या होत्या, त्या ठीक होत्या. ही एकच. बाहेरून कोणाला काही कळलं नसतं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. ती भिंत पाडायची तर व्याह्यांच्या तोंडावर त्यांचा पुतण्या पाडायचा, आणि त्या घरात माझी लेक नांदते.

दुसऱ्या दिवशी एर्गश आला. मी त्याला काही सांगितलं नाही. मला वाटतं, मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी आशा करत होते की त्याच्या लक्षात येणार नाही, जाळी ठोकून जाड थर देऊन तो सगळं झाकून टाकेल आणि मग ते माझ्या हातात राहणार नाही. तो भिंतीसमोर उभा राहिला, अंगठा सांध्यावर फिरवला, माझ्याकडे बघितलं. पिशवी खांद्यावरच. मी चहा ओतला, आणि पियाला काठोकाठ भरला. पाहुण्याला आमच्याकडे थोडा थोडा चहा देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरला की, पी आणि नीघ. एर्गशला ते कळलं. त्याने सगळा चहा सावकाश प्यायला, पियाला पालथा घातला आणि बसून राहिला.

"मी हे झाकणार नाही, आपा," तो म्हणाला.

मी म्हटलं, तू नाही तर दुसरा कोणी झाकेल.

"झाकेल की. गावात पुष्कळ आहेत. पण मग पुढच्या घराला मला बोलावू नकोस. तुझ्यामागून यायची मला सवय आहे, ती मोडेल."

मला त्याचा इतका राग आला की त्याचं अत्तर, त्याचे दात, सगळं नकोसं झालं. इकडे आड तिकडे विहीर, आणि हा आपला काठावर मांडी घालून बसलेला. त्या वेळी कोणी मला म्हणालं असतं की पुढे याच माणसाचे तू मनातल्या मनात पाय धरशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नफीसाला फोन केला. आडवळणाने सुरुवात केली, बाळ झोपतं का, सासू बरी आहे ना. तिने मध्येच तोडलं. लहानपणापासून तिला माझ्या आडवळणाचा कंटाळा. मग मी सांगून टाकलं. म्हटलं, तुझं तिथे काय होईल ते सांग, त्याप्रमाणे ठरवते. मागे बाळ काहीतरी चोखत असल्याचा आवाज येत होता.

"आई, हुल्कारताईंचं पोर कुठल्या भिंतीला झोपणार?"

"उत्तरेच्या."

"मग मला कशाला विचारतेस?"

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी बराच वेळ तो बंद फोन कानाला धरून होते. आपलं पोर कधी मोठं झालं हे आपल्याला कोणी कळवत नाही, असं एखाद्या आपटलेल्या फोनमधून कळतं. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्हीने रडूच आलं.

मसाल्याचा एक खडा रुमालात बांधून मी व्याह्यांकडे गेले. दस्तरखान पसरलेला, त्यावर नान, मनुका, अक्रोड. त्या अन्नाजवळ तो खडा ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीरवली अकांच्या हातातच दिला. ते बांधकामातले नव्हेत. काय आहे म्हणून त्यांनी तो दोन बोटांत धरला, जरासा चोळला, आणि तो भुगा होऊन त्यांच्या इस्त्रीच्या विजारीवर सांडला. त्यांनी विजारीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बराच वेळ झटकलंच नाही. मी भिंतीचं सांगितलं. पोराचं सांगितलं. विहीणबाईंनी मला वाढलं, मी खाल्लं, चव कशाचीच लागली नाही. निघताना मीरवली अकांनी मला दारापर्यंत पोचवलं नाही, हे पहिल्यांदाच घडलं. परत येताना वाटलं, गेलं. दोन्ही नान गेले.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी कामावर गेले तर रस्त्यावर माणसंच माणसं. मीरवली अकांचा अर्धा मोहल्ला. आमच्याकडे कोणाच्या घराला हात लागत असला की सगळे जमून फुकट राबतात, त्याला हशर म्हणतात. पण हशर घर उभारायला असते, पाडायला असलेली मी तरी पाहिली नव्हती. पुढे मीरवली अका, हातात घण, अंगावर रेल्वेचा जुना कोट. अक्रम त्यांच्या मागे, मान खाली, चेहरा पांढराफटक. मला बघून मीरवली अका थांबले.

"विहीणबाई, आपण नान मोडला तो भिंतीसाठी," ते म्हणाले. "ही भिंत नाहीच. तेव्हा त्या दिवशी आपण नुसतं जेवलो असं धरा."

आणि पहिला घाव त्यांनी घातला. तो नीट लागलाही नाही, म्हाताऱ्याचे हात, पण त्या घावानंतर बाकीच्यांना कोणाला काही विचारावं लागलं नाही. दुपारपर्यंत भिंत खाली आली. बायकांनी विटांवरचा मसाला खरवडून विटा पुन्हा वापरता येतील अशा रचल्या, पोरांनी राडारोडा उपसला, हुल्कारच्या आईने मोठ्या कढईत भात शिजवला. एर्गशही आला होता, न बोलावता, आणि भातात गाजर कमी आहे म्हणून कुरकुरत होता. जेवताना मीरवली अका माझ्या शेजारी बसले. समोर बघतच म्हणाले, लग्नाच्या आधी मीही तुमची चौकशी केली होती, विहीणबाई. मी विचारलं, कोणाकडे. त्यांनी हनुवटीने एर्गशकडे दाखवलं. तो म्हणाला होता, बाई तिखट आहे, पण तिच्यामागून काम करायला भीती वाटत नाही.

इतकी वर्षं मी सगळ्यांबद्दल मागून येणाऱ्याला विचारत आले, आणि माझ्याही मागून कोणी येतंय, त्यालाही कोणी विचारत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या एर्गशकडून मी व्याही पारखून घेतले, त्याच्याकडूनच व्याह्यांनी मला पारखून घेतलं होतं. आणि त्या मेल्याने दोघांना एकमेकांचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

भिंत पुन्हा अक्रमनेच बांधली. मीरवली अकांनी घरातला जुना पत्र्याचा टब आणून अंगणात ठेवला, लांबून पाणी आणवून तो भरला, आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक वीट त्या टबात बुडायची, बुडबुडे थांबेपर्यंत तळाशी राहायची, मगच अक्रमच्या हाती जायची. त्याची पूर्वीची चपळाई गेली, हात सावकाश झाला. भिंत वर आली. एर्गश आला, उभा राहिला, अंगठा फिरवला. आणि पिशवी उघडली. मी तिथेच होते. मला विचारता आलं असतं, अक्रम कसा आहे म्हणून. मी विचारलं नाही. त्यानंतर अक्रम बाजारात ओझी वाहायला लागला, मीरवली अकांनी कोणासाठी म्हणून माझ्याकडे पुन्हा शब्द टाकला नाही, आणि मीही विषय काढला नाही. अळीमिळी गुपचिळी. सणावारी भेटायचो, हसायचो, नफीसा सुखात होती, बाळ रांगायला लागलं, आणि दोन्ही घरांच्या मध्ये ती भिंत तशीच उभी. आता शाळेच्या हेडबाईंचं घर हाती आलं आहे आणि याच आठवड्यात गवंडी ठरवायचा आहे. दोघातिघांची नावं मनात आहेत, सगळे चांगले. अक्रमचं नाव मनात येतं आणि मी ते बाजूला सारते. त्याने ती दुसरी भिंत धाकाने बांधली की मनाने, हे भिंतीच्या तोंडावर कुठे लिहिलेलं असतं?

गाडीतून उतरून मी जवळजवळ पळतच गल्लीत शिरले. पाटाकडेची तुतीची झाडं नुकती पालवली होती. हुल्कारचं दार उघडं. ती दवाखान्याच्या कपड्यांतच घरी धावत आली होती, पोर कडेवर, मजेत नान चोखत होतं. मला बघून हसली. काही झालं नाही म्हणाली, फक्त साखरेच्या भांड्याचं झाकण पडलं आणि म्हातारीची झोपही मोडली नाही. मी आत जाऊन खाटेमागची भिंत बघितली. छताशी बघितली, कोपऱ्यात बघितली. दक्षिणेच्या भिंतीला खिडकीजवळ केसाएवढी एक रेघ गेली होती, नुसत्या गिलाव्याची. उत्तरेच्या भिंतीला तेवढीही नव्हती. मी पोराच्या खाटेवरच बसले.

"आपा, तो कधीचा आलाय," हुल्कार हळूच म्हणाली. "आत ये म्हटलं तर येत नाही."

मी मागच्या अंगणात गेले. अक्रम भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उभा होता. अंगावर बाजारातला ओझेवाल्याचा मळका अंगरखा, कपाळावर घाम, हातात ओळंबा. दोरी वरून सोडून तो भिंतीच्या कडेशी डोळा लावून बघत होता, मग दोन पावलं सरकून पुन्हा. हातगाडी कुठे टाकून आला होता कोण जाणे. मला बघून त्याने ओळंबा घाईने खिशात घातला.

"काही झालं नाही, खाला," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मी फक्त बघायला आलो. काम मागायला नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. लाइन सुरू झाली होती. मीरवली अका. एरवी ते आधी माझी तब्येत विचारतात, मग नवऱ्याची, मग घड्याळांची. आज नाही.

"भिंत?" त्यांनी विचारलं.

"उभी आहे, अका."

"बरं," ते म्हणाले आणि ठेवून दिला. नफीसा आणि नातू बरे आहेत एवढंही सांगितलं नाही. म्हणजे धक्का बसल्यावर आधी भिंत आठवणारी मी एकटीच वेडी नव्हते. एवढ्या महिन्यांत आम्ही दोघांनी तिचं नावही काढलं नव्हतं आणि दोघंही तिच्याच सावलीत बसलो होतो. मला त्या म्हाताऱ्याबद्दल इतकं भरून आलं की मी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. अक्रमने तोंड फिरवून तुतीकडे बघितल्यासारखं केलं.

मग मी एर्गशला फोन लावला. जे ऐन वेळी विचारायचं राहून गेलं होतं ते आता विचारायचं होतं, आणि उत्तर काहीही आलं तरी ते पाळायचं असं मी मनाशी ठरवलं. त्याने उचलल्या उचलल्या सुरू केलं. भूकंपात तरी माणसाला स्वस्थ बसू दे, आणि हेडबाईंच्या घराला वाळू तरी बारीक आणणार आहेस का. मी त्याला बोलू दिलं. मग म्हटलं, एर्गश उस्ता, अक्रमबद्दल विचारायचं होतं. पलीकडे तो एकदम गप्प झाला. भिंतीसमोर होतो तसा.

"फार उशीर केलास विचारायला," तो शेवटी म्हणाला. "मी वाट बघत होतो. दे त्याला. त्याच्यामागून मी येतो."

मी फोन खाली घेतला. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरपं आलं होतं आणि अक्रम जायला निघाला होता, अंगरखा झटकत, माझ्याकडे न बघता. सासऱ्यांनी आत्ता, काय दिसतं, म्हणून विचारलं असतं तर मी त्यांना सांगितलं असतं, माणूस दिसतो.

"अक्रम," मी हाक मारली. "सोमवारी ये. आणि अकांकडून तो टब घेऊन ये."